पहिला आणि तिसरा रविवार

आम्हाला बाळकुमात कोणी बोलावलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगणं सोपं जाईल.

छत्तीस वर्षं रेल्वेच्या मालकचेरीत कारकुनी करून मी १९५७ च्या दिवाळीत निवृत्त झालो. निरोप समारंभात हार, नारळ आणि एक छत्री मिळाली. ठाण्यात नौपाड्याला दोन खोल्यांचं बिऱ्हाड, मुलगी लग्न होऊन नागपूरला, घरात मी आणि माझी बायको मंदाकिनी. पहिले दोन महिने मी नुसता झोपलो. शीण म्हणजे काय ते नोकरी सुटल्यावर कळतं. नोकरीत असताना शिणायलाही सवड नसते. तिसऱ्या महिन्यात स्वयंपाकघरात लक्ष घालू लागलो आणि डाळींच्या डब्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. मंदाकिनीनं त्या आठ दिवस सहन केल्या. मग म्हणाली, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी असं नुसतं ऐकून होते, आता रोज बघतेय. तेव्हा जरा बाहेर काहीतरी बघा.

बाहेर बघायला माझी ना नव्हती. मनात एक गोष्ट बरेच दिवस सलत होती. माझ्या सहीनं छत्तीस वर्षांत मालगाड्यांच्या कितीतरी वाघिणी भरल्या आणि रिकाम्या झाल्या. माल आला, माल गेला. पण माझ्या हातून झालेली आणि जागेवर राहिलेली अशी एकही वस्तू मला बोट ठेवून दाखवता आली नसती. मरायच्या आधी अशी एक तरी वस्तू असावी, एवढंच मागणं होतं. मागणं साधं वाटतं, पण त्यानंच घात केला.

आमच्या समोरच्या आळीत त्र्यंबकराव वकील राहत. सेवा मंडळाचे ते अध्यक्ष. त्यांचा उत्साह असा, की तो नुसता बघूनच मला दम लागायचा. त्या दिवसांत श्रमदानाची साथच आली होती. जिकडे तिकडे सुशिक्षित माणसं टोप्या घालून रस्ते खणायला निघत. त्र्यंबकरावांनी बाळकुमचा बांध हेरला आणि मीही त्यांच्याबरोबर निघालो.

बाळकुम म्हणजे ठाण्याच्या उत्तरेला खाडीकाठी वसलेलं आगरी लोकांचं गाव. थोडी मिठागरं, बाकी खाऱ्या जमिनीतली भातशेती. खाडी आणि शेतं यांच्यामध्ये मातीचा लांबलचक बांध, आणि त्या बांधावर सगळ्या गावाचं पोट. मागच्या पावसाळ्यात उधाणाच्या पाण्यानं त्याला खांड पडली, म्हणजे दहा-बारा हात बांधच वाहून गेला, आणि आतलं भात खाऱ्या पाण्यात मेलं. खांडीच्या अगदी मागची पाच खाचरं बायजाची. ही बायजा विधवा, पंचेचाळिशीची, पोटी मूल नाही. गेल्याच साली कूळकायद्यानं सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं होतं आणि त्याच साली तिचं पीक गेलं. आता येत्या पावसाळ्यात बांध टिकला तर तिला भात, नाहीतर पुन्हा लोकांच्या मिठागरात पाट्या वाहणं.

मार्चपासून आम्ही जाऊ लागलो. महिन्याचा पहिला आणि तिसरा रविवार ठरला, कारण दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी मंडळाचं व्याख्यान असे. एवढं लक्षात असू द्या.

सकाळी आठला प्रार्थना, मग त्र्यंबकरावांची शिट्टी, मग काम. मुरूम आणि दगड टेकडीवरून बैलगाड्यांनी आणवलेले असत. आम्ही रांग करायचो आणि घमेली हातोहात पुढे देत खांडीत ओतायचो. अकरा वाजता पुन्हा शिट्टी. पहिल्या रविवारी आम्ही बत्तीस होतो, पुढच्या खेपेला एकोणीस, मे उजाडेपर्यंत अकरा. बाकीच्यांना पाठीचं दुखणं, पाहुणे, मुलांच्या परीक्षा असं काय काय निघालं. मी मात्र एकही खेप चुकवली नाही. घरी आलो की मंदाकिनी कंबरेला तेल चोळायची आणि चोळताना माझ्या वयाची आठवण करून द्यायची. दुखायचं खूप. पण ते दुखणं मला आवडायचं, कारण त्याच्या मागे बांधाचे दोन हात तरी उभे आहेत असं मी समजत होतो.

गावकरी आमच्याशी अदबीनं वागत. गावात ज्याचा शब्द चाले तो काळुराम दर वेळी येऊन म्हणायचा, बरा झाला सायेब. बायजा कोऱ्या चहाचं पातेलं घेऊन यायची, कप वाटायची आणि बाजूला उभी राहून आधी आमच्या मुरमाकडे आणि मग खाडीकडे बघायची. मला वाटायचं, बाई उपकार मानतेय. एकदोनदा जाणवलं, की आपण गेल्या खेपेला केलेलं काम दिसत नाही, बांध वेगळाच, गुळगुळीत दिसतो. त्र्यंबकराव म्हणाले, मुरूम बसला. मीही मान डोलावली. वरचा साहेब म्हणतो ते खरं, ही छत्तीस वर्षांची सवय होती.

मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी मी मंदाकिनीला बांध दाखवायला घेऊन गेलो. मंडळाच्या गर्दीत नव्हे, एकट्यानं, निवांत दाखवायचा होता. टांग्यानं माजिवड्यापर्यंत आणि पुढे पायी. वाटेत ती म्हणाली, लग्न झाल्यापासून एवढ्या हौसेनं तुम्ही मला एकदाच कुठे नेलंत, दाताच्या डॉक्टरकडे. मी चिडलो नाही. आज चिडायचा दिवस नव्हता.

बांधाजवळ आलो तर खाडीचं पाणी कुठच्या कुठे ओसरलेलं, मैलभर काळा चिखल उघडा पडलेला. बांधावर वीस-पंचवीस माणसं कामाला लागली होती, त्यात निम्म्या बायका. मला आधी आनंदच झाला. वाटलं, आपलं बघून गाव कामाला लागलं. मग जवळ गेलो तेव्हा दिसलं, की ते आमचा मुरूम उकरून काढत होते. दगड एका बाजूला फेकत होते. तिथे दगडांचा मोठा ढीग होता, आमच्या सगळ्या रविवारांचा. आणि त्या जागी खाडीतून कापून आणलेले चिखलाचे गोळे लावून बायका ते पायांनी तुडवून घट्ट करत होत्या.

आम्हाला बघून काम थांबलं. काळुराम पुढे आला आणि त्यानं हात जोडले, जणू त्यानंच माझं काही चोरलं होतं. मंदाकिनीनं छत्री मिटली आणि सरळ बायजाला विचारलं, की हे काय चाललंय.

बायजा हातांवरचा चिखल निपटत म्हणाली, "बाय, खाडीला आयतवार कलत नाय. तिला तिथी कलते."

मग तिनं समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. अष्टमीच्या आगेमागे भरती कमी चढते, त्याला भांग म्हणतात. तेवढ्या तीन-चार दिवसांत चिखल कापायचा, लावायचा, तुडवायचा, म्हणजे पुढच्या उधाणाच्या आत तो आवळून येतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. त्या दिवसांत सकाळी टाकलेलं दुपारच्या भरतीला निघून जातं. आणि मुरूम तर चिखलाला धरतच नाही, दोघांच्या मधून पाणी वाट काढतं. म्हणून आम्ही टाकलेलं आधी उपसायचं आणि मग त्यांचं काम करायचं, असं मार्चपासून चाललं होतं. एका भांगात उरकलं असतं ते काम आमच्यामुळे पाच भांगं पुरलं होतं.

मंदाकिनी मनाशी बोटं मोजत होती. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "अहो, आज अष्टमीच आहे. आणि तुमचा पहिला रविवार पौर्णिमेला लागून येतोय, तिसरा अमावास्येला."

आमच्या घरी खुंटीला पंचांग टांगलेलं असे. मी रोज सकाळी ते बघायचो. एकादशी कधी, संकष्टीचा चंद्रोदय किती वाजता, सगळं तोंडपाठ. पण त्या तिथींचा खाडीच्या पाण्याशी काही संबंध असेल, हे साठीला आलेल्या माझ्या टाळक्यात कधी शिरलं नव्हतं. आमच्या व्याख्यानांचे रविवार बांधाला चालले असते. आम्ही नेमके दुसरे निवडले होते.

मी काळुरामला विचारलं, की पहिल्याच दिवशी सांगितलं का नाही. त्याला ते विचारणंच अवघड झालं.

"सायेब," तो म्हणाला, "घरा आलेल्या मानसाला जा कसा बोलाचा? तुमी घाम गालताव ता आमी बघताव ना."

त्यानं थोबाडीत मारली असती तरी बरं झालं असतं. बायजा मात्र त्याच्याइतकी भिडस्त नव्हती. त्र्यंबकरावांनी एक जूनला बांधाच्या समर्पणाचा कार्यक्रम ठरवला होता. खांड होती त्याच जागी बांधावर चुन्या-विटांचा चौथरा बांधून त्यात मंडळाची कोरीव शिळा बसवायची होती. बायजा म्हणाली, तुम्ही या, चहा प्या, भाषणं करा, आमची काही तक्रार नाही. पण तो दगड बसवू नका. ओला बांध वरून खणला की मेला. दिवाळीपर्यंत थांबा, मग काय बसवायचं ते बसवा.

"सांगताव ना तेंना?" तिनं विचारलं.

मी सांगतो म्हणालो. दोनदा म्हणालो. परत येताना मंदाकिनीनं मला एका शब्दानं चिडवलं नाही, तेव्हा मला कळलं, की माझी अवस्था तोंडावर दिसत असणार.

सोमवारी मी त्र्यंबकरावांकडे गेलो. त्यांच्यावर अन्याय करायचा नाही मला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. कपाळ चोळलं, आणि म्हणाले की पावसाळ्यानंतर गावकरी सांगतील त्या दिवशी जाऊ, तिथी तर तिथी. शिळेचं म्हणाल तर, आणि त्यांनी भिंतीकडे हात केला. शिळा घडून आली होती. भिंतीला टेकवून ठेवली होती. वर मंडळाचं नाव, खाली दिनांक १ जून १९५८, त्याखाली शेवटपर्यंत टिकलेल्या अकरा जणांची नावं.

"तारीख कोरलीय, हरिहरपंत," ते म्हणाले. "पाहुण्यांना पत्रं गेलीत. दगडातली तारीख कशी बदलायची?"

दोन हात खोल खड्डा, त्यानं एवढा मोठा बांध मरतो का, असंही ते म्हणाले. मी भांडायला हवं होतं. त्या बाईच्या पाच खाचरांचं नाव घ्यायला हवं होतं. पण माझी नजर शिळेवरून हटत नव्हती. माझं नाव तिसरं होतं. अक्षर सुरेख होतं, पाथरवटानं वेलांट्या फार सुंदर काढल्या होत्या. खरं सांगतो, मला ती शिळा हवी होती. बांध आपण बांधला नाही हे कळल्यावर तर जास्तच हवी होती. मी म्हणालो, बघा बुवा, मी सांगायचं काम केलं. आणि घरी आलो.

मंदाकिनीनं विचारलं तेव्हा, सांगितलं म्हणालो. ते खोटं नव्हतं.

एक जूनला वटपौर्णिमा होती. मंदाकिनीचा उपास होता, वडाला गुंडाळायचं सूत ताटात काढून ठेवलेलं होतं. मी आरशापुढे टोपी नीट करत होतो. ती मागून म्हणाली, आज पौर्णिमा आहे, लक्षात आहे ना? मी हो म्हणालो आणि आरशातसुद्धा तिच्याकडे बघितलं नाही.

चौथरा शनिवारी संध्याकाळी बांधून झाला होता, चुना अजून ओला होता. शेताच्या बाजूला नुकत्याच कापलेल्या चिखलाचा ढीग पडला होता. पाहुणे येणार आणि हे काय ओंगळ, म्हणून त्र्यंबकरावांनी त्यावर सतरंजी टाकायला लावली. गावातले लोक हातात पाट्या घेऊन बांधालगत उभे होते. आमच्यातला एक जण म्हणाला, बघा, स्वागताला कसे तयारीनं आलेत. पाहुणे कुठल्याशा खात्यातले निवृत्त अधिकारी. दहाला यायचे ते साडेबाराला आले. तोपर्यंत पाणी चढत होतं. पाहुणे बोलायला उभे राहिले तेव्हा खाडी बांधाच्या माथ्यापासून वीतभर खाली होती.

मी चौथऱ्याला लागून उभा होतो. फोटोग्राफरनं मला तिथेच उभं केलं होतं. खाली नजर गेली तर चौथऱ्याच्या पायाशी, शेताच्या अंगाला, ओलाव्याची बोटभर रेघ दिसली. बघता बघता तिची धार झाली. मला कळलं काय होतंय ते. फोटोग्राफर काळ्या फडक्यात डोकं घालून हलू नका म्हणत होता, आणि मी हललो नाही. एक मिनिट झालं असेल. ते एक मिनिट मला अजून पुरतंय.

चौथरा कलला आणि पाणी आत आलं. पाहुणे, त्र्यंबकराव, सगळे शेतात पळाले. काळुरामनं आणि आणखी चौघांनी खांदा लावून चौथरा आतल्या बाजूला ढकलून दिला, म्हणजे बुजवायला फट मोकळी झाली. बायजानं सतरंजी ओढून काढली. तेव्हा मला उमगलं, की तो ढीग तिथे कशासाठी होता. ते सकाळपासून याचीच वाट बघत होते.

बायजा माझ्यापाशी आली. आवाज चढवला नाही. "सायेब, खाली बसा," म्हणाली. मला समजेना. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला त्या फटीत बसवलं, पाठ खाडीकडे करून. माझ्या शेजारी काळुराम बसला. माणसांनी पाणी अडवायचं आणि तेवढ्यात पुढून चिखल भरायचा, अशी त्यांची रीत होती. पाठीवर खाडीचा रेटा आणि पोटावर चिखलाचे गोळे, असा मी अर्धा तास बसलो होतो. धोतर, घड्याळ, टोपी, सगळं चिखलात गेलं. मग दोघांनी मला काखेत धरून वर उपटून काढलं आणि माझ्या जागी गोळे भरले. पाणी थांबलं.

पाचांपैकी दोन खाचरं खाऱ्या पाण्यानं भरली होती. मागच्या साली भर पावसानं मीठ मुरायच्या आत धुऊन नेलं होतं; आता तापलेल्या कोरड्या जमिनीत ते खोल मुरलं, पाऊस तीन वर्षं धुईल तेव्हा कुठे तिथे भात येणार. बायजा तिकडे बघत उभी राहिली. मग माझ्याकडे वळली.

"सांगताव बोललेलाव," एवढंच ती म्हणाली.

घरी गेलो तेव्हा मंदाकिनी वड पुजून आली होती. तिनं पाणी तापवून दिलं. मी तिला त्या शिळेचं आणि त्या मिनिटाचं सगळं सांगितलं. ती माझ्या पाठीवर पाणी ओतत राहिली. शेवटी म्हणाली, पुढची अष्टमी नऊ तारखेला आहे.

मंडळाचं म्हणाल तर ते पुन्हा बाळकुमला गेलं नाही. त्र्यंबकराव काळुरामकडे जाऊन माफी मागून आले, आणि मग व्याख्यानं वाढवली. माणूस वाईट नव्हता.

अष्टमीला मी एकटा गेलो. या वेळीही मला कोणी बोलावलं नव्हतं. काळुरामला म्हणालो, द्याल ते काम करीन. त्यानं चिखलाची पाटी डोक्यावर दिली; मी दोनदा पडलो. चिखल तुडवायला उभं केलं. पोटऱ्यांत गोळे आले. मी त्यांच्या पायात येतोय हे मलाही दिसत होतं. अखेर बायजा वैतागून आली आणि मला धाकूबाबाजवळ नेऊन बसवलं.

धाकूबाबा ऐंशीचा होता. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. आयुष्यभर त्यानं एकच काम केलं होतं. पाणी ओसरलं की बांधाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं आणि खेकड्यांनी पाडलेली भोकं शोधून बुजवायची. बोटाएवढं भोक असतं. ते चुकलं तर उधाणाला त्याची मूठ होते आणि मुठीची खांड. आता त्याला दिसत नव्हतं आणि गावातल्या तरण्यांना गिरण्या-कारखान्यांत कामं लागल्यामुळे या किरकिऱ्या कामाला कोणी उरलं नव्हतं. त्याची अक्कल आणि माझा चष्मा, असा आमचा जोड जमला. तो माझा दंड धरून चालायचा आणि विचारायचा, भोकाच्या तोंडाशी माती ओली का सुकी? ओली असली तर खेकडा आत आहे, काठी घालून खोली बघ. मग मी गुडघ्यांवर बसून चिखल ठासायचो आणि तो बोट घालून तपासायचा. नीट नसलं तर पुन्हा.

मालकचेरीतल्या कामापेक्षाही हे काम कंटाळवाणं होतं. कंबर मोडायची, ऊन तापायचं, मच्छर फोडून काढायचे. आणि पंधरा दिवसांनी जावं तर खेकड्यांनी दुसरी भोकं पाडलेली असत. जागेवर राहणारी वस्तू करायला निघालेल्या माणसाच्या वाट्याला बुजवलेलं भोक आलं होतं, आणि तेही चांगलं बुजवलं तर दिसू नये असं. आपण हे का करतोय असं कित्येकदा मनात यायचं. तरी मी जात राहिलो. पावसाळाभर गेलो, आधी बायजाच्या दोन खाचरांपायी, मग सवयीनं.

बायजा माझ्याशी बोलत नसे. ती शिळा तिनं ओढत नेऊन आपल्या दारात पाय धुवायला टाकली होती, अक्षरं खाली करून. परतताना मी त्याच दगडावर पाय धुवायचो. श्रावणातलं उधाण आलं आणि गेलं, बांध राहिला. दिवाळीला तिच्या तीन खाचरांत भात उभं होतं. उरलेली दोन मिठानं पांढरी पडली होती, आणि तिच्या घरी जायचं तर त्यांच्याच कडेनं जावं लागे.

मार्गशीर्षात मला हिवताप आला. उतरायचा आणि पुन्हा चढायचा. शुद्ध अष्टमी चुकली, मग वद्य अष्टमीही चुकली. मी फार खचलो होतो. अन्नावरची वासना गेली. कूस बदलायचाही कंटाळा येई. मंदाकिनी चमचा तोंडाशी आणायची आणि मी भिंतीकडे तोंड फिरवायचो. वाटायचं, झालं एवढं पुरे. मालकचेरीची खुर्ची रिकामी झाली तेव्हा दुसऱ्या दिवशी तिथे दुसरा बसला होता. बांधावर तर खुर्चीही नव्हती.

एका दुपारी दार वाजलं. मंदाकिनीनं उघडलं. उंबऱ्याबाहेर बायजा उभी होती, बाळकुमहून चालत आलेली, पोटऱ्यांवर वाळलेला चिखल. नौपाड्याला विचारत विचारत आली असणार. ती आत आली नाही. तिथूनच तिनं मला खाटेवर बघितलं.

"काका," ती म्हणाली, "दोन अष्टम्या झाल्या. भोका कोन बघंल?"

मी ताप आहे म्हणालो. ते दिसतंय, असं ती म्हणाली, पण खाडीला ताप कळत नाही. धाकूबाबा दोन्ही वेळेला बांधावर येऊन बसला होता आणि शेवटी कोणावर तरी ओरडायला हवं म्हणून तिच्यावर ओरडून घरी गेला होता. एक भोक काळुरामला चुकून सापडलं, अंगठ्याएवढं झालं होतं. ती रागावली होती. मुकादम हजेरी चुकवणाऱ्यावर रागावतो तशी रागावली होती, आणि तो राग अंगावर घेत मी खाटेवर पडून होतो.

मंदाकिनीनं तिला बसायला सांगितलं. ती उंबऱ्यावरच बसली. चहा झाला. दोघी हळू आवाजात काहीतरी बोलल्या, मला ऐकू आलं नाही. जाताना बायजा आत डोकावून म्हणाली, "बरा वाटला का येवाचा. येत्या अष्टमीला. नाय जमला तर त्याच्या पुढल्या. पन येवाचा."

तिची पावलं जिन्यावरून उतरून गेली. मंदाकिनी खुंटीवरच्या पंचांगापाशी उभी होती. मी विचारलं, आज तिथी कोणती.

"तृतीया," ती म्हणाली.

म्हणजे अजून पाच दिवस होते. मी उठून बसलो आणि तिला थोडी पेज करायला सांगितली.